दर्पणापासून मोबाइलपर्यंत : वार्ता, चळवळ आणि तरुण पिढी

मंडळाच्या गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अखेरच्या विषयावर बरीच खडाजंगी झाली, हे उपस्थित सभासदांच्या स्मरणात असेल. विषय तसा साधा होता. ही स्मरणिका यापुढे छापावी, की ती सभासदांच्या मोबाइलवर पाठवून छपाईचा व टपालाचा खर्च वाचवावा? ज्येष्ठ मंडळींनी छपाईचा पक्ष घेतला आणि बोलता बोलता गाडी तरुणांच्या वाचनावर घसरली. मुले वृत्तपत्र हाती धरीत नाहीत, जगात काय चालले आहे याची त्यांस वार्ता नसते, मात्र हातातल्या यंत्रावर जे येईल ते खरे मानून मोर्चाला धावतात, अशी एकंदर तक्रार होती. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका मुलीने उठून विचारले, "वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनी आजवर काय काय खरे मानले, त्याचा हिशेब कोणी ठेवला आहे का?" सभेत हशा पिकला, अध्यक्षांनी विषय पुढे ढकलला, आणि काही दिवसांनी तो हिशेब आम्हीच मांडावा असे संपादक मंडळाचे पत्र आमच्या हाती पडले. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. यंत्रविद्येत आमची गती यथातथाच आहे. तथापि वार्ता आणि चळवळ यांचे नाते हा इतिहासाचाच विषय असल्याने लेखणी उचलण्याचे धाडस करीत आहोत.

प्रारंभ अर्थातच ६ जानेवारी १८३२ या दिवसापासून करावयास हवा. त्या दिवशी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले. पुढे १८७७ साली कृष्णराव भालेकरांचे 'दीनबंधु' आले, १८८१ साली 'केसरी' निघाला आणि ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' प्रकट झाले. ही नावे शाळेच्या पुस्तकातून सर्वांस पाठ असतात. पण या संस्थापकांची वये सहसा कोणी सांगत नाही. बाळशास्त्री त्या वेळी जेमतेम विशीतले होते. 'केसरी'च्या जन्माच्या वेळी टिळक आणि आगरकर दोघेही चोवीस वर्षांचे होते. बाबासाहेब अठ्ठावीस वर्षांचे होते. आपल्या आजच्या सभेत यांपैकी प्रत्येकास मागच्याच रांगेत बसावे लागले असते.

दुसरी गोष्ट, तेव्हाचा 'वाचक' हा पुष्कळदा श्रोता असे. गावात एक अंक येई, तो चावडीवर किंवा पारावर एकजण मोठ्याने वाची आणि भोवतालचे दहावीसजण ऐकत. साक्षरता इतकी अल्प असताना पत्रांचा जो प्रभाव पडला, तो या मोठ्याने वाचण्यामुळे. वाचणारा मध्येच थांबे, कोणी शंका काढी, कोणी 'हे खोटे आहे' म्हणे. बातमीची झडती घेण्याची ही सोय आपोआप झालेली होती, आणि ती नाहीशी झाल्याचे कोणाच्या ध्यानातही आले नाही. आणखी एक गोष्ट येथेच नोंदवून ठेवतो. 'मूकनायका'ची जाहिरात पैसे देऊ केले असतानाही 'केसरी'ने छापली नाही, असे पुढे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. ज्याच्या हाती छापखाना नाही त्याची बातमी होत नाही, हा अनुभव अनेक ज्ञातींस आला. आणि गावोगावच्या ज्ञातिसभांनी पदरमोड करून आपापली मासिके चालविली ती याच कारणाने. आपल्या मंडळाच्या मासिकाचे जुने अंक ज्यांनी चाळले असतील, त्यांस वधूवरांच्या याद्या व देणगीदारांची नावे यांच्या मधोमध शिष्यवृत्तीच्या व वसतिगृहाच्या मागण्यांवर केवढे तळमळीने लिहिलेले असे, हे ठाऊक आहे.

आता १९४२ सालाकडे येऊ. ऑगस्टमध्ये पुढारी तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर निर्बंध आले, काही पत्रे बंद पडली. अशा वेळी मुंबईतील काही तरुणांनी चोरून रेडिओ चालविण्याचा बेत केला. त्यांत उषा मेहता ही बावीस वर्षांची विद्यार्थिनी होती. वडील सरकारी न्यायाधीश, आणि मुलगी सरकारविरुद्ध नभोवाणी चालविते, हा प्रकार त्या घरात कसा पचला असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटर लांबीच्या लहरींवर 'काँग्रेस रेडिओ'चा आवाज प्रथम उमटला. पोलिसांच्या शोधक गाड्या शहरभर फिरत असत, म्हणून ही मंडळी यंत्रसामग्री घेऊन एका जागेवरून दुसऱ्या जागी जात. जमशेदपूरच्या संपाची वार्ता, चिमूर-आष्टीच्या अत्याचारांची वार्ता, जी कोणतेही पत्र छापू धजत नव्हते, ती या रेडिओने सांगितली. राममनोहर लोहियांसारखे भूमिगत पुढारी त्यावरून बोलले. अखेर एका तंत्रज्ञाच्या फितुरीमुळे १२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री गिरगावातील पारेखवाडीत पोलिसांनी छापा घातला आणि उषाबेन पकडल्या गेल्या. त्यांस चार वर्षांची शिक्षा झाली. सारा रेडिओ तीन महिनेही टिकला नाही.

या तीन महिन्यांविषयी आम्ही इतके लिहिले याचे कारण आहे. नवे साधन हाती घेणारे तरुण, त्यावर नजर ठेवणारे सरकार, सरकारला माग काढून देणारे यंत्र आणि आतला फितूर हा चौकोन पुढच्या ऐंशी वर्षांत पुन:पुन्हा दिसतो. केवळ यंत्र बदलत गेले.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांनी १९५६ च्या नोव्हेंबरात 'मराठा' दैनिक काढले आणि शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे यांचे पोवाडे गिरणगावातून महाराष्ट्रभर घुमले, हा भाग आपल्या ज्येष्ठांस तोंडपाठ असल्याने येथे विस्तार करीत नाही. एवढेच म्हणतो की 'मराठा'त छापलेला प्रत्येक शब्द तोलूनमापून लिहिलेला होता, असे अत्र्यांचे निस्सीम चाहतेदेखील म्हणणार नाहीत. चळवळीची बातमी आणि चळवळीचा प्रचार यांतील रेषा तेव्हाही पुसट होती, आणि आपल्या वडिलांनी ती पुसट रेषा मोठ्या आनंदाने वाचली.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. प्रथम काही वर्षे ते साधन शहरांतील थोड्यांचेच राहिले. सामान्य माणसाच्या हाती आला तो मोबाइल, आणि त्याचे दर इतके जड होते की लोकांनी बोलण्यापेक्षा न बोलण्याची युक्ती काढली. घंटा वाजताच फोन बंद करावयाचा. पलीकडच्याने समजून घ्यावयाचे की मुलगा सुखरूप पोचला, किंवा दूधवाला खाली उभा आहे. या 'मिस्ड कॉल'ने एक दिवस राजकारणात प्रवेश केला.

राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे ५ एप्रिल २०११ रोजी दिल्लीत जंतरमंतरवर उपोषणास बसले. मागणी लोकपाल कायद्याची. त्यांच्याभोवती जमलेल्या तरुण कार्यकर्त्यांनी मुंबईचा एक दूरध्वनी क्रमांक प्रसिद्ध केला आणि ज्यांचा पाठिंबा असेल त्यांनी त्यावर केवळ घंटा द्यावी, असे आवाहन केले. पैसा खर्च होत नव्हता, अक्षर लिहावे लागत नव्हते, सही करावी लागत नव्हती. घंटा देणाऱ्याचा क्रमांक मात्र यंत्रात नोंदला जाई आणि पुढे त्यावर सभेचा दिवस, उपोषणाची वार्ता, पुढचा कार्यक्रम असा संदेश जाई. लक्षावधी लोकांनी घंटा दिली. फेसबुकवर पाने निघाली, दूरचित्रवाणीच्या वाहिन्या दिवसरात्र जंतरमंतरवर राहिल्या. १६ ऑगस्टला अण्णांस अटक होऊन तिहार कारागृहात नेले गेले तेव्हा गावोगावी जे लोक रस्त्यावर आले, त्यांत आजवर कोणत्याही मोर्चात न गेलेली नोकरदारांची मुले पुष्कळ होती. रामलीला मैदानावरचे उपोषण २८ ऑगस्टला सुटले.

येथे इतिहासकाराने टाळ्या वाजवून थांबू नये. त्याच वर्षी २७ डिसेंबरला अण्णांनी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर पुन्हा उपोषण मांडले. घंटा देणाऱ्यांची नोंद तीच होती, संदेश तसेच गेले, महाराष्ट्राची भूमी स्वत:ची होती. परंतु मैदान भरले नाही, आणि प्रकृतीच्या कारणाने दुसऱ्याच दिवशी उपोषण मागे घ्यावे लागले. लोकपाल कायदा संसदेने २०१३ च्या डिसेंबरात संमत केला, तो २०१४ च्या जानेवारीत अमलात आला, आणि पहिल्या लोकपालांची नेमणूक होण्यास २०१९ चा मार्च उजाडला. मिस्ड कॉल एका क्षणात लागतो. ज्यासाठी तो दिला ती संस्था उभी राहण्यास आठ वर्षे लागली. या आठ वर्षांत त्या तरुणांपैकी कितीजणांनी पाठपुरावा केला, हा प्रश्न आम्ही त्यांसच विचारू इच्छितो. त्यात उपरोध नाही. वसतिगृहाच्या जागेसाठी आपल्या मंडळाने सरकारदरबारी घातलेल्या खेपा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांस पाठपुरावा म्हणजे काय हे ठाऊक आहे.

पुढची कथा पालघरची. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी मुंबई व आसपासची गावे बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदविषयी फेसबुकवर दोनचार ओळींत आपले मत लिहिले. तिच्या मैत्रिणीने त्या मजकुरास पसंतीची खूण केली. एक अक्षरही लिहिले नाही. दोघींसही पोलिसांनी अटक केली, आणि जमावाने एकीच्या नातलगाच्या रुग्णालयाची मोडतोड केली. जे कलम लावले गेले त्यांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ होते. त्रासदायक वा आक्षेपार्ह संदेश पाठविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, असा त्याचा आशय. आणि 'त्रासदायक' म्हणजे काय, हे कायद्यात कोठेही सांगितलेले नव्हते.

देशभर गवगवा झाला, पुढे खटलाही मागे पडला. पण प्रकरण तेवढ्यावर संपले नाही, आणि हाच भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. न्यायमूर्ती चेलमेश्वर व न्यायमूर्ती नरिमन यांच्या पीठाने २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६-अ संपूर्णपणे घटनाबाह्य ठरविले. त्या निकालपत्रात चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन गोष्टी वेगळ्या करून दाखविल्या आहेत. मत मांडणे वा त्याचा हिरिरीने पुरस्कार करणे, मग ते कितीही अप्रिय असो, हा अधिकार आहे, आणि बंधन येते ते चिथावणीच्या पायरीवर. आमच्या समाजातील जी मुले वकिलीचा अभ्यास करीत आहेत त्यांनी ते निकालपत्र अवश्य वाचावे. जाता जाता एक नोंद : रद्द झालेल्या या कलमाखाली पुढे कित्येक वर्षे पोलीस ठाण्यांतून गुन्हे नोंदविले जातच राहिले, आणि असे खटले चालविता येणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयास २०२२ च्या ऑक्टोबरात पुन्हा बजावावे लागले. रद्द झालेला कायदा रद्द झाल्याचे कळविणारी यंत्रणा आपल्याकडे मोबाइलइतकी वेगवान नाही.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली आणि पाहता पाहता इंटरनेटचे दर कोसळले. त्याच सुमारास, ९ ऑगस्ट २०१६ पासून, कोपर्डीच्या घटनेनंतर मराठा समाजाचे मूक मोर्चे निघू लागले. त्यांच्या मागण्यांविषयी या पानांवर मत देण्याचे प्रयोजन नाही. परंतु मोर्चाच्या शिस्तीविषयी लिहावेच लागेल. घोषणा देऊ नयेत, मुलींनी पुढे चालावे, निवेदन मुलींनीच द्यावे, गाड्या कोठे लावाव्यात, मागे राहिलेला कचरा कोणी उचलावा, हे सारे लक्षावधी लोकांपर्यंत व्हॉट्सॲपवरून पोचले आणि पाळले गेले. ९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत भायखळ्यापासून आझाद मैदानापर्यंत तो समुदाय ज्यांनी पाहिला, त्यांस या साधनाच्या शक्तीविषयी निराळे सांगावयास नको.

उलट एक उदाहरण दिल्लीच्या सीमेवरचे आहे. २०२० च्या हिवाळ्यात पंजाब-हरियाणाचे शेतकरी तेथे ट्रॅक्टर-ट्रॉल्या घेऊन बसले. त्यांच्या तरुणांनी ट्विटरवर रणधुमाळी माजविली होतीच. तरीही १८ डिसेंबर २०२० रोजी त्यांनी 'ट्रॉली टाइम्स' नावाचे, पंजाबी व हिंदी मजकुराचे, चार पानी छापील पत्र काढले. आंदोलनात बसलेले वृद्ध मोबाइलवर वाचीत नाहीत आणि मैलोगणती पसरलेल्या मुक्कामात एका टोकाची बातमी दुसऱ्या टोकास नीट पोचत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. म्हणजे ज्यांस आपण छापील अक्षराचे वैरी समजतो, त्याच पिढीने आजोबांसाठी छापखाना गाठला. कायदे मागे घेतल्याची घोषणा १९ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली.

शेजारच्या नेपाळात तर याहून विलक्षण घडले. तेथील सरकारने ४ सप्टेंबर २०२५ रोजी फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲप यांसह सव्वीस समाजमाध्यमे नोंदणी न केल्याच्या कारणावरून बंद केली. आधीच भ्रष्टाचाराने व बेकारीने त्रासलेली मुले ८ तारखेस काठमांडूत संसदेसमोर जमली. काही शाळेच्या गणवेशात होती. गोळीबार झाला, त्या एका दिवसात एकोणीसजण मेले. बंदी त्याच रात्री उठली, पण दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली यांस राजीनामा द्यावा लागला, संसदभवन व सिंहदरबार जळाले, आणि 'कांतिपूर' या मोठ्या वृत्तसमूहाची इमारतही जमावाने पेटविली. त्यानंतर पुढचा प्रमुख कोण असावा याची चर्चा त्या तरुणांनी 'डिस्कॉर्ड' नावाच्या, मुळात खेळ खेळणाऱ्या मुलांसाठी निघालेल्या साधनावर केली, तेथेच मते घेतली, आणि माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांचे नाव पुढे केले. १२ सप्टेंबरला त्यांनी शपथ घेतली. पुढारी निवडण्याची ही रीत आम्हांस रुचली असे आम्ही म्हणणार नाही. त्या मतदानात मत देणारा कोण, कोठला, हे कोणास सांगता आले नसते. परंतु मुलांचे बोलणे बंद करून राज्य शांत राहते, ही समजूत पाच दिवसांत खोटी ठरली, हेही खरेच.

आतापर्यंत आम्ही तरुणांच्या बाजूने बरेच लिहिले. ज्या घटनेमुळे आमची झोप उडाली, तिच्याकडे आता वळणे प्राप्त आहे.

१ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे भागातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच पुरुष बसमधून तेथे उतरले. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय. सरकारदरबारी त्यांची गणना भटक्या जमातींत होते. त्यांतील एकजण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, असे निमित्त झाले. त्या भागात कित्येक दिवस मुले पळविणाऱ्या टोळीचे संदेश व चित्रफिती व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. जमाव धावला. त्या पाचांस मारीत ग्रामपंचायतीच्या कचेरीत नेले आणि तेथे दार लावून ठार केले. त्यांच्याजवळ ओळखपत्रे होती. ती कोणी पाहिली नाहीत.

हा एकटा प्रकार नव्हता. त्या उन्हाळ्यात व पावसाळ्याच्या तोंडावर देशाच्या अनेक प्रांतांत याच अफवेने वीसच्या वर माणसे मारली गेली. त्रिपुरात तर अफवांवर विश्वास ठेवू नका असे ध्वनिक्षेपकावरून सांगत फिरण्यासाठी सरकारने नेमलेल्या माणसासच जमावाने मारले. जी चित्रफीत सर्वत्र फिरत होती, तिच्यात मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरच्या मुलास उचलून नेताना दिसत. ती मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांस सावध करण्यासाठी तयार केलेली होती. मूळ चित्रफितीत ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवितात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला होता. एवढीच कारागिरी!

त्यानंतर काय झाले? १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी सरकारांस सूचना दिल्या. व्हॉट्सॲप कंपनीने त्याच महिन्यात, भारतापुरते, एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे धाडता येणार नाही अशी मर्यादा घातली. २०१९ च्या जानेवारीत ती जगभर लागू झाली. आणि खोटा संदेश कसा ओळखावा हे जनतेस सांगण्यासाठी या कंपनीने कोणता मार्ग निवडला? तिने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. ज्या वृत्तपत्रांचे दिवस सरले असे म्हणतात, त्यांच्याच दारी तिला जावे लागले. 'पाच' हा आकडाही नवा नव्हता. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ईशान्येकडील विद्यार्थी व कामगार अफवांना भिऊन बंगळूर-पुण्याहून आगगाड्या भरभरून गावी जाऊ लागले, तेव्हा सरकारने एका वेळी पाचांहून अधिक जणांस मोबाइल-संदेश पाठविण्यावर पंधरा दिवसांची बंदी घातलीच होती. सहा वर्षांपूर्वी शिकलेला धडा आपण पाटीवरून पुसून टाकला होता.

आता आमच्या स्वत:कडे येतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या मोबाइलवर एक संदेश आला. गोसाव्यांच्या वेषात मुले पळविणारी टोळी आपल्या जिल्ह्यात शिरली आहे, अशी बातमी, खाली एक छायाचित्र, आणि 'आपल्या ज्ञातिबांधवांस ताबडतोब कळवा' अशी विनंती. राईनपाड्याचे वृत्त आम्ही त्या काळी अथपासून इतिपर्यंत वाचले होते, त्यावर हळहळलोही होतो. तरी नातवंडे अंगणात खेळत होती, आणि आम्ही तो संदेश मंडळाच्या गटावर पाठविला. दहा मिनिटांत अकराजणांनी हात जोडल्याची चिन्हे पाठवून आमचे आभार मानले; अकराही साठीच्या पुढचे. त्यानंतर आपल्याच समाजातील एका महाविद्यालयीन मुलीने दोन ओळी लिहिल्या. हे छायाचित्र अनेक वर्षांपूर्वीचे, दुसऱ्या प्रांतातील निराळ्याच घटनेचे आहे. आणि सोबत मूळ बातमीचा पत्ता. 'आजोबा, कृपया हे काढून टाका,' एवढेच शेवटी. गटावर कोणी बोलेना. एका सद्गृहस्थांनी आम्हांस फोन करून, मुलीने वडीलधाऱ्यांचा असा चारचौघांत उपमर्द करावयास नको होता, असे सांत्वनपर सांगितले. आम्ही संदेश काढला. मात्र तोपर्यंत तो किती गटांवर गेला होता, हे विचारून काय उपयोग होता?

त्या मुलीस आम्ही पुढे घरी बोलावून, बातमी ती कशी वाचते हे विचारले. ती वृत्तपत्र विकत घेत नाही, हे खरे. पहिली वार्ता तिला इन्स्टाग्रामवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीतून किंवा मैत्रिणीने पाठविलेल्या तुकड्यातून कळते. पण एखादी गोष्ट मनाला लागली की ती दोनतीन ठिकाणी शोधते, छायाचित्र उलट शोधून ते प्रथम कोठे प्रसिद्ध झाले ते पाहते, यूट्यूबवर तासभराची चर्चा ऐकते. सगळी मुले असे करतात काय? 'नाही, बहुतेक नुसती पुढे सरकवतात,' हे तिचेच उत्तर. तरुणांच्या बातम्यांच्या सवयींविषयी परदेशी संस्थांचे अहवाल दरवर्षी निघतात. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स संस्थेचा त्यांत प्रसिद्ध आहे. पण त्याची भारतातील पाहणी मुख्यत: इंग्रजी जाणणाऱ्या, इंटरनेट वापरणाऱ्या लोकांची असते. तालुक्याच्या गावातील मराठी मूल कोणत्या वार्तेवर विश्वास ठेवते, हे त्यातून आपणांस कळणार नाही. ते आपल्या घरातच विचारावे लागेल. त्याच बैठकीत तिने आम्हांस हेही विचारले की, आम्ही रोज जे एकच वृत्तपत्र चाळीस वर्षे वाचीत आलो, त्यातील बातमी दुसऱ्या पत्राशी ताडून पाहिल्याचे आम्हांस कधी आठवते काय. आठवले नाही.

आमच्या आळीत दरवर्षी दिवाळीनंतर एक डवरी गोसावी येत असे. भगवी वस्त्रे, हातात डौर, भैरवनाथाची गाणी. आमच्या आईच्या वेळेपासून त्याच्या घराण्याचा हा फेरा होता. त्याचा बाप येई, मग तो येऊ लागला. तो संदेश गेला त्या वर्षी तो नेहमीप्रमाणे आला. आळीतली दारे एकामागून एक लागली. आम्ही बाहेर गेलो, त्यास पसाभर तांदूळ व दक्षिणा दिली. पण तो अंगणात टेकला नाही, गाणेही म्हटले नाही. त्यानंतर तो आलेला नाही. त्याचे गाव मंगळवेढ्याकडचे, एवढेच आम्हांस ठाऊक. नाव कधी विचारलेच नव्हते.

सभेत पुढे ढकललेल्या विषयाचा निर्णय कार्यकारिणीने आता दिला आहे. स्मरणिका छापली जाईल, आणि ज्यांस हवी त्यांस ती मोबाइलवरही मिळेल. मंडळाच्या गटावर बातमी पाठविणाऱ्याने ती मूळ कोठली हे लिहावे, न लिहिल्यास ती काढून टाकली जाईल, असा नियम झाला असून त्याच्या अंमलबजावणीसाठी तिघांची उपसमिती नेमली आहे. तिघेही पंचविशीच्या आतील आहेत. त्यांची नावे कार्यकारिणीच्या यादीत छापली आहेत; सर्वांत वरचे नाव मागच्या रांगेतून उठलेल्या त्या मुलीचे आहे.